पुढचे पाय वाकडे की मागचे लुळे? मांजराचं अधू पिल्लू घरी आणण्याआधी

दत्तक द्यायच्या पिल्लांचे फोटो व्हॉट्सॲपवर येतात, तेव्हा पायाने अधू असलेली सगळी पिल्लं सारखीच केविलवाणी दिसतात. घरी आणल्यावर मात्र एकासाठी जमिनीवर चार सतरंज्या अंथरल्या की भागतं, तर दुसऱ्यापायी घरातल्या सगळ्यांना मिळून लग्नाला जाणंही अवघड होतं. पाय किती वाकडा दिसतो याला मी फारसं महत्त्व देत नाही. शी-शू आपली आपण करतं का, त्याला दुखतं का आणि दुखणं वाढत जाणारं आहे का, एवढं आधी विचारावं.

पुढच्या पायातलं रेडियस हे हाड काही पिल्लांत जन्मतःच आखूड असतं किंवा नसतंच. पंजा आत वळतो, पिल्लू कोपरावर रेटत चालतं आणि खारीसारखं मागच्या पायांवर बसतं. बघणाऱ्याच्या पोटात कालवतं, पण मागचे पाय धड असल्यामुळे ही मांजरं बहुतेक कामं आपली आपण करतात. शी-शूच्या ट्रेची कड बुटकी हवी, आणि त्यांना माती नीट उकरता येत नाही म्हणून ती आपणच वारंवार साफ करायची. चढण्यापेक्षा उतरणं अवघड, कारण सगळा भार पुढे येतो. सोफ्याला टेकवून एखादी फळी उतरती लावली की झालं. वळलेल्या पंजाची नखं झिजत नाहीत, ती कापत राहावी लागतात. आणि लाडाने खाऊ घालून वजन वाढवलं तर त्या कोपरांचे हाल होतात.

मागच्या पायांचं प्रकरण वेगळं, आणि त्यातही दोन प्रकार आहेत. काही पिल्लांचे पाय बेडकासारखे बाजूला फाकतात, पण पाठीचा कणा ठीक असतो. हाडं-सांधे कोवळे असतानाच डॉक्टरांनी पाय पट्टीने जवळ बांधले आणि मालिश-व्यायाम चालू ठेवला, तर यातली बरीच उभी राहतात. इथे उशीर परवडत नाही.

कण्यातच दोष असेल तर पायांपेक्षा मूत्राशयाची चिंता जास्त. लघवी आपोआप पूर्ण होत नाही. दिवसातून तीनेक वेळा पोट हलक्या हाताने दाबून काढावी लागते, सणवार असो की पाऊस. ती साचली की संसर्ग होतो, पुढे मूत्रपिंडापर्यंत जातो. लघवी गळून कातडी सोलवटते, फरपटून जखमा होतात, बद्धकोष्ठ होतं ते निराळंच. चाकांची गाडी लावून धावणाऱ्या मांजराचे व्हिडिओ गोड असतात, पण त्यात हे दिसत नाही. घरातली सगळी माणसं सकाळी नऊला बाहेर पडून रात्री आठला परतत असतील, तर हे पिल्लू घेऊ नका असं मी स्पष्ट सांगेन. घरात आजी-आजोबा असतील आणि त्यांचीही तयारी असेल, तर गोष्ट वेगळी.

डुलत, धडपडत चालणारं पिल्लू पायाने अधू वाटतं, पण त्याचे पाय उत्तम असतात. गाभण भाटीला पॅनल्यूकोपेनिया या मांजरांच्या रोगाचा विषाणू गाठतो आणि पोटातल्या पिल्लाचा तोल सांभाळणारा छोटा मेंदू नीट वाढत नाही. हे दुखत नाही, वयाबरोबर वाढतही नाही. सौम्य प्रकारात आयुष्य इतर मांजरांइतकंच. गुळगुळीत टाइल्सवर सतरंजी, न कलंडणारी जड वाटी, खिडक्यांना जाळी, आणि गच्ची बंद. पहिल्यांदाच मांजर पाळणाऱ्याने अधू पिल्लू घ्यायचंच म्हटलं तर मी याला पहिली पसंती देईन.

दोन ठिकाणी फसगत होते. नुसतं बोनलेस चिकन किंवा दूधभात खाऊन वाढलेल्या पिल्लाची हाडं कॅल्शियमअभावी ठिसूळ होतात, वाकतात, आणि देणारा 'जन्मापासून असंच आहे' म्हणतो. एक्स-रेत ते दिसतं. पिल्लांचा योग्य आहार आणि सक्तीची विश्रांती दिली तर बराच फरक पडतो. मनानेच कॅल्शियमचं औषध मात्र पाजू नये. दुसरी फसगत मुडपलेल्या कानांच्या स्कॉटिश फोल्ड जातीच्या मांजरांची. कान मुडपणारा कूर्चेचा, म्हणजे मऊ हाडाचा, दोषच सांधेही बिघडवतो, तेही दुखरे, आणि हा त्रास वयाबरोबर वाढू शकतो. कुणी सोडून दिलेलं असेल तर वेदनाशामकांची तयारी ठेवून घ्या. विकत घेऊन त्या धंद्याला हातभार लावू नका.

लस आणि नसबंदी सगळ्यांनाच लागते, त्यात फरक नाही. फरक एक्स-रे आणि डॉक्टरांकडच्या पुढच्या फेऱ्यांत पडतो, म्हणून एक्स-रे दत्तक घेण्याआधीच मागा. मुंबईत असाल तर परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हे प्राण्यांचं रुग्णालय आहेच.

कण्याचा दोष असलेलं पिल्लू मनात भरलं असेल, तर ते सांभाळणाऱ्या ताईंकडे जाऊन त्यांच्यादेखत एकदा स्वतःच्या हाताने लघवी काढून बघा. हात धजावला नाही तर सरळ नाही म्हणा. त्यांच्याकडे एखादं डुलणारं पिल्लू आहे का, तेवढं मात्र निघताना विचारा.