खासगी शाळांची चौकशी समिती: रचना उत्तम, पुराव्याची हाताळणी कच्ची

महाराष्ट्रातील खासगी शाळेत शिक्षकावर बडतर्फीपर्यंत जाईल असा आरोप आला की १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीनुसार समिती बसते. तिची रचना खरोखर चांगली आहे: एक सदस्य संस्थेचा, एक पुरस्कारप्राप्त शिक्षकांच्या यादीतला आणि एक खुद्द शिक्षकाने सुचवलेला. निर्णय देणाऱ्यांत आपला माणूस असण्याची ही सोय सरकारी कर्मचाऱ्यालाही नाही. मात्र नाव १५ दिवसांत कळवावे लागते. संतापून नाव मागणारे पत्रच न घेणाऱ्या शिक्षकाची ही सोय जाते आणि दोघांचीच समिती काम सुरू करते.

आरोपपत्रात 'वर्तन असमाधानकारक' एवढेच लिहिले असेल तर ते तिथेच लंगडे पडते. तारीख, वर्ग, तासिका, नेमके कृत्य आणि कोणत्या कागदावर विसंबणार, हे सगळे हवे.

सर्वांत जास्त घोळ पुराव्यात होतो. न्यायालयाचे पुराव्याचे काटेकोर नियम इथे लागू नसतात, आरोप संशयातीत सिद्ध करावा लागत नाही, शक्यतेचे पारडे झुकले तरी पुरते. यावरून संस्था समजतात की काहीही चालेल. तसे मुळीच नाही. तक्रारअर्ज फाइलला लावला म्हणजे सिद्ध झाला नाही. पंजाब नॅशनल बँकेच्या एका बडतर्फ कर्मचाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये हेच बजावले. अर्ज लिहिणाऱ्याने समितीपुढे यावे, मजकूर आपला असल्याचे सांगावे आणि उलटतपासणीला सामोरे जावे. प्राथमिक चौकशीतले जबाब शिक्षकाला न देता वापरणे हा तर उघड अन्याय. विद्यार्थिनींशी लैंगिक गैरवर्तनाचा आरोप असेल तिथे मुलींची उलटतपासणी टाळता येते, हे १९९६ च्या नवोदय विद्यालय प्रकरणात मान्य झाले आहे. पण तो अपवाद हजेरीपटाच्या किंवा फीच्या भांडणात ओढून आणू नये.

रोजनामा, म्हणजे दिवसाच्या कामकाजाची नोंद, त्याच दिवशी लिहून सर्वांच्या सह्या घ्याव्यात. कामकाजाचा गोषवारा आणि साक्षीदारांचे जबाब मिळाल्यावर शिक्षकाला खुलाशासाठी ७ दिवस असतात. त्यानंतर तिघांनी एकत्र बसून निष्कर्ष काढायचा. निमंत्रकाने, म्हणजे समितीचे काम चालवणाऱ्या सदस्याने, टाइप करून आणलेल्या अहवालावर नुसत्या सह्या केल्या, तर पुढे सगळी चौकशीच धोक्यात येते.

चौकशी संपवण्याची १२० दिवसांची मुदत योग्य आहे, पण तारखा पुढे ढकलत ती सर्रास उलटते. बडतर्फीविरुद्ध शाळा न्यायाधिकरणात अपील ३० दिवसांत करावे लागते, म्हणून आदेशाचे पाकीट कोणत्या तारखेला मिळाले त्याचा पुरावा जपून ठेवा.