बेल्टची थरथर, रोलर किट आणि त्यातलं बेअरिंग: काही महिन्यांच्या वापरानंतर

बेल्टची थरथर थांबवणारं हे रोलर किट बसवलं त्याच आठवड्यात हा रिव्ह्यू लिहिला असता तर पाचपैकी पाच तारे देऊन मोकळा झालो असतो. आळस केला ते बरं झालं. मधल्या काळात या किटने आधी खूश केलं, मग कुरकुर लावली, मग विक्रेत्याशी भांडायला लावलं, आणि आता पुन्हा बऱ्यापैकी खूश ठेवलंय.

गाडी नेहमीच्या घडणीची: पुढे दोन चाकं, मागे एक, मागच्या चाकाला दातेरी बेल्ट. तक्रारही नेहमीचीच. ताशी १०० ते ११० किमीच्या दरम्यान सीटखाली आणि फूटरेस्टवर बारीक थरथर. ९० ला काही नाही, १२५ ला काही नाही, आणि लांब पल्ल्याला माणूस नेमका ज्या वेगात तासन्‌तास बसतो तिथेच पायांना मुंग्या. सर्व्हिस सेंटरचं म्हणणं, “या गाड्यांचा स्वभावच आहे हा.” फार मागे लागल्यावर त्यांनी बेल्ट घट्ट करून दिला. थरथर गेली नाही, ११५ च्या आसपास जाऊन बसली. काम झालं म्हणून बिल मात्र लगेच हातात.

किट मागवण्याआधी थरथर खरंच बेल्टचीच आहे का, एवढं तरी बघून घ्या. वेग तोच ठेवून गिअर बदला. इंजिनचे फेरे बदलूनही थरथर त्याच वेगाला चिकटून राहिली, तर इंजिन निर्दोष सुटलं. मग थ्रॉटल सोडा. बेल्टची असेल तर तिचा नूर तिथेच बदलतो, कारण जोर देताना ढिला असलेला खालचा पदर, म्हणजे दोन पुल्यांमधला बेल्टचा खालचा भाग, इंजिन ब्रेकिंगमध्ये ताणला जातो. टायर असा थ्रॉटल ऐकत नाही. पुढच्या टायरचा बॅलन्स गेला असेल तर आधी हँडलला कळतं. मागच्या टायरचा दोष सीटखालीच येतो, पण त्याची लय जाड असते. माझ्या २२५/५० आर १५ टायरचा घेर साधारण १.९ मीटर, १०० च्या वेगाला तो सेकंदाला १४-१५ फेरे घेतो. ते धक्के अंगाला वेगवेगळे जाणवतात, मुंग्या येत नाहीत. दात बसण्याचा आवाज म्हणाल तर मागच्या पुलीला सत्तरच दात धरले तरी सेकंदाला हजारावर ठोके होतात. ती शिट्टी झाली, थरथर नव्हे.

मुंग्यांचा हिशेब पुढच्या पुलीशी जुळतो. ती माझ्या गाडीत मागच्यापेक्षा साधारण पावणेतीन पट वेगाने फिरते, म्हणजे १०० ला सेकंदाला ४० च्या आसपास फेरे. खालच्या मोकळ्या पदराची स्वतःची वारंवारिता या आकड्याच्या जवळ आली की पुलीतला जरासा बाकसुद्धा त्याला नाचवायला पुरतो. तंबोऱ्याच्या तारेसारखंच आहे हे. खुंटी पिळली की सूर चढतो, पण तार वाजायची थांबत नाही. सर्व्हिस सेंटरने खुंटी पिळून दिली होती. शिवाय सूर चढतो तो ताणाच्या वर्गमुळाने. १०० ची थरथर ११५ वर ढकलायची तर ताण जवळपास एक तृतीयांशाने वाढवावा लागतो, आणि तो वाढीव भार गिअरबॉक्सच्या आउटपुट शाफ्टच्या व मागच्या चाकाच्या बेअरिंगने सोसायचा. उलट बेल्ट ढिला करून थरथर ८५ वर उतरवणारेही आहेत. फार ढिला केला तर जोराच्या पिकअपला बेल्ट दात सोडतो, त्यामुळे तिकडे मी गेलो नाही.

रोलर तिसरी वाट धरतो. तो खालच्या पदराला हलकासा टेकून राहतो आणि एका लांब पदराचे दोन आखूड करतो. माझ्या किटमध्ये तो साधारण एक तृतीयांशावर येतो. उरलेल्या लांब भागाची वारंवारिता दीडपट होते, म्हणजे १०० ची थरथर हिशेबाने १५० वर. तिथे मी जात नाही. नेमका मध्यावर का नाही? मध्यावर दोन्ही भाग दुपटीवर जातात हे खरं, पण दोघांचा सूर एकच, म्हणजे नाचले तर एकत्र नाचणार. विषम भागांची ही खोड नसते. रोलर धरणारं ब्रॅकेट ज्याने आखलं त्याला हे कळत होतं. तोच माणूस बेअरिंग निवडायला नव्हता.

बसवणं सोपं आहे. बेल्टचा ताण आधी कंपनीच्या आकड्यावर परत आणा, थंड गाडीवर मोजून. गरम झाल्यावर अॅल्युमिनियमच्या पुल्या आणि स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा) फुगतात, बेल्टच्या आतला दोर जवळजवळ ताणत नाही, त्यामुळे आकडा चढलेला दिसतो. अॅक्सल हलवला असेल तर बेल्ट पुलीच्या कडेला घासत नाही ना, तेही बघा. रोलर किती दाबायचा याबद्दल माहितीपत्रकात एकच शब्द आहे: हलका. मी बेल्ट काही मिलिमीटर सरकेल इतकाच दाबला.

पहिल्याच लांब फेरीत थरथर गायब. आरशातली मागची गाडी स्पष्ट दिसायला लागली. घरी येऊन चार जणांना फोन केले.

मग पाऊस सुरू झाला आणि थोड्याच दिवसांत मागून ‘सर्रर्र’ असा कोरडा आवाज. रोलर हाताने फिरवला तर आत वाळू असल्यासारखा अडखळतो. विक्रेत्याला व्हिडिओ पाठवला. उत्तर: रोलर ‘झिजणारा भाग’ आहे, वॉरंटीत बसत नाही. बरं, बेअरिंग तरी सुटं द्या. मिळत नाही, अख्खा रोलर घ्या. मी विचारलं, काही महिन्यांत झिजणारा भाग असेल तर पाकिटावर तसं का छापलं नाही? यावर उत्तर आलेलं नाही.

अख्खा रोलर घ्यायला मन तयार होईना. सर्क्लिप (बेअरिंग जागी धरणारी कडी) काढली, बेअरिंग ठोकून बाहेर घेतलं, पुसलं. कडेवर नंबर: ६२०२ झेडझेड. आतला व्यास १५ मिमी, बाहेरचा ३५, जाडी ११. जगात कुठेही मिळणारा माल! रोलरच्या किमतीत अशी मूठभर येतील.

खरा राग त्या झेडझेडचा. म्हणजे दोन्ही बाजूंना पत्र्याची झाकणं. पत्रा आणि आतली रिंग यांच्यात फट असते. बंद पेटीतल्या मोटरीला ते चालतं. इथे हे बेअरिंग मागच्या चाकाच्या पुढ्यात, जमिनीजवळ, चिखलपाण्याच्या थेट माऱ्यात बसवलंय. वर त्याला वेगही भरपूर: मागच्या पुलीचा घेर ८५ सेंमी आणि रोलरचा व्यास ६० मिमी धरला तर १०० ला रोलर मिनिटाला चार हजारांच्या आसपास फेरे घेतो. अशा जागी रबरी सीलचं टूआरएस हवं, हे सायकल दुरुस्त करणारा पोरगाही सांगेल. मापं तीच, किमतीत नावाला फरक. एवढं चांगलं ब्रॅकेट घडवून शेवटी त्या फरकाची काटकसर करावी?

६२०२ टूआरएस बसवलं. तेव्हापासून उरलेला पावसाळा आणि त्यानंतरचा काळ आवाज नाही, थरथर नाही. रबरी सील किंचित जड फिरतं, पण चालवताना काही कळत नाही. गाडी धुताना प्रेशरचा फवारा मात्र रोलरवर थेट मारत नाही, सीलही त्यापुढे टिकत नाही.

पूर्ण शांतता हवी असेल तर ती मिळालेली नाही. मागे माणूस आणि सामान असलं की १०५ ला पुसटशी कुजबुज परत येते. स्विंगआर्म वर गेला की बेल्टचा ताण बदलतो आणि रोलरचा दाब बदलतो. मागच्या शॉकचा प्रीलोड (स्प्रिंगचा आधीचा दाब) वाढवला की ती बरीच कमी होते. रिव्हर्स घेताना खालचा पदर ताणून रोलरवर दाबला जातो, म्हणून चढावर मागे घेताना थ्रॉटल जपून.

म्हणून तारे चार. पाचवा बेअरिंगने खाल्ला. मागवणार असाल तर विक्रेत्याला आधी लेखी विचारा, आत झेडझेड आहे की टूआरएस. झेडझेड असेल तरी घ्या, पण रोलर गाडीवर चढवण्याआधीच सर्क्लिप काढून बेअरिंग बदला. गाडीखाली झोपून तेच काम करायला दुप्पट वेळ लागतो.