एकाच सरांकडे कराटे, ज्युदो, तायक्वांदो आणि लाठीकाठी: काही महिन्यांचा अनुभव

नागपूरच्या त्रिमूर्तीनगर भागातल्या एका हॉलमध्ये मी आणि माझी आठवीतली लेक गेल्या पावसाळ्यापासून जातोय. फलकावर एवढे प्रकार पाहून आधी शंकाच आली होती. एकच माणूस सगळं शिकवतो म्हटलं की बहुतेकदा चार ठिकाणचं थोडं थोडं उचललेलं असतं. इथे तसं नाही.

सर महाल भागातल्या आखाड्यात कुस्ती आणि लाठीकाठी करत वाढले. कॉलेजात शोतोकान कराटे, पुढे ज्युदो. दोन्हींत ब्लॅक बेल्ट, प्रमाणपत्रं मागितली तर दाखवतात. तायक्वांदोचा मात्र फक्त पाया शिकवतो, परीक्षा द्यायची तर दुसरीकडे पाठवतो, हे त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं. माझा विश्वास तिथेच बसला.

ते प्रकारांची सरमिसळ करत नाहीत. कुठली सवय कुठल्या नियमातून आली ते सांगतात. ऑलिम्पिक पद्धतीच्या तायक्वांदो सामन्यात डोक्यावर ठोसा चालत नाही, म्हणून खेळाडूंचे हात खाली राहतात. लेकीनं तीच ढब कराटेत आणली, तर सरांनी तिच्या गालाशी हलकेच मूठ टेकवली आणि विचारलं, "हात कुठाय तुझा?" कुस्तीतला पट, म्हणजे पाय धरून पाडायचा डाव, त्यांच्या अंगात मुरलेला, पण 2010 पासून आंतरराष्ट्रीय ज्युदोत पाय धरून पाडण्यावर बंदी येत गेली. मग लहानपणापासून घोटलेला डाव बाजूला ठेवून, ताठ उभं राहून, कॉलर आणि बाही धरून पाडायला ते नव्यानं शिकले. हा फरक ते दोन्ही डाव लागोपाठ करून दाखवतात. तेवढ्यासाठी तरी एकदा जाऊन पाहावं.

मला सगळ्यात मोलाचा वाटला तो पडण्याचा सराव, ज्युदोतली उकेमी. "आधी पडायला शिका, पाडायचं मग पाहू," हे सरांचं ठरलेलं वाक्य. उकिडवं बसायचं, पाठ गोल करत मागे लोळायचं आणि खांद्यापासून तळव्यापर्यंत अख्खे हात एकदम गादीवर आपटायचे. हात अंगाला चिकटला तर खाली दबतो, फार लांब गेला तर खांद्याला हिसका बसतो. मान सैल सुटली की डोकं आपटतं, म्हणून हनुवटीखाली घडी केलेला रुमाल दाबून धरायला लावतात. रुमाल पडला की पुन्हा पहिल्यापासून. चाळिशीनंतर येणाऱ्या बायकांना तर मी हेच आधी शिका म्हणेन.

उणिवाही आहेत. कडेच्या गाद्या दबल्यात, बदलायला हव्यात. संध्याकाळी पोट्टे फार; काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींचा क्रम, चालू असताना मागच्या रांगेला सर दिसतच नाहीत. लाठीकाठी फक्त रविवारी सकाळी.

पट्टा लवकर मिळत नाही, ही काही पालकांची तक्रार; मला ती पटत नाही. आधीच्या एका क्लासमध्ये फी भरली की दर तिमाहीला नवा रंग मिळायचा. दान श्रेणी, म्हणजे ब्लॅक बेल्टच्या पायऱ्या, मुळात ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी ज्युदोत आणली आणि 1924 मध्ये शोतोकानचे जनक फुनाकोशींनी ती कराटेत घेतली, ती काही पावती म्हणून नव्हे. लेक अजून पिवळ्यावर आहे, पण तिचा झेनकुत्सु दाची, म्हणजे पुढचा गुडघा वाकवून उभं राहण्याचा पवित्रा, आता डगमगत नाही.

नाव घालायचं असेल तर सकाळची बॅच घ्या. गुडघ्याचं दुखणं असेल तर पहिल्याच दिवशी सांगा. मला सर कमी वाकून उभं राहू देतात आणि उड्या वगळतात.