लोरेन मोटेल, मेंफिस: खोली नं. ३०६ बघायला गेलो आणि कचऱ्याच्या गाडीपाशीच अडकलो

आधीच सांगते, रिव्ह्यू लांब होणारे. "मस्त आहे, नक्की जा" एवढं लिहून मला समाधान होणार नाही. माझे बाबा तीन महिन्यांसाठी अमेरिकेत आलेत, नायगरा झाला, न्यूयॉर्क झालं, आणि मग एक दिवस चहा पिताना ते म्हणाले की मार्टिन ल्युथर किंगना जिथे मारलं ती जागा इथून किती लांब आहे गं. आता बाबा म्हणजे ३१ वर्षं नगरपालिकेच्या सफाई खात्यात काढलेला माणूस, शेवटी मुकादम म्हणून रिटायर झाले, इंग्रजी हळूहळू वाचतात पण वाचतात. मग काय, गाडी काढली आणि मेंफिसला गेलो.

त्या मोटेलचं आता अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या हक्कांच्या लढ्याचं म्युझियम झालंय, पण बाहेरून बघाल तर हे म्युझियम वाटतच नाही. टेनेसीतल्या मेंफिस शहरात मलबेरी स्ट्रीटवर हे दुमजली लोरेन मोटेल आहे, १९६० च्या दशकात जसं होतं तसंच दर्शनी भागात ठेवलंय. तीच मोठी पिवळी पाटी, तेच निळसर हिरवे दरवाजे, खाली त्या काळच्या दोन जुन्या गाड्या उभ्या, आणि वरच्या बाल्कनीच्या कठड्याला एक फुलांचं चक्र लावलेलं. ते चक्र जिथे आहे तिथे ४ एप्रिल १९६८ ला संध्याकाळी ६ वाजून १ मिनिटाने किंगना गोळी लागली. वय फक्त ३९. तासाभरात, ७ वाजून ५ मिनिटांनी हॉस्पिटलमध्ये ते गेल्याचं जाहीर झालं. आपण अंगणात उभे असतो आणि ती बाल्कनी इतकी जवळ, इतकी साधी, की पहिली दहा मिनिटं आम्ही दोघंही काहीच बोललो नाही.

मोटेलची स्वतःचीही गोष्ट आहे आणि ती बऱ्याच जणांना माहीत नसते. वॉल्टर बेली नावाच्या काळ्या माणसाने १९४५ मध्ये ते विकत घेतलं आणि बायकोच्या, लॉरीच्या, नावावरून लोरेन ठेवलं. तेव्हा काळ्या लोकांना गोऱ्यांच्या हॉटेलात खोली मिळायची नाही, त्यामुळे रे चार्ल्स, अरीथा फ्रँकलिन असे मोठमोठे गायक मेंफिसला आले की इथे उतरायचे. किंगना गोळी लागली त्याच संध्याकाळी लॉरीबाईंना मेंदूचा झटका आला आणि ९ एप्रिलला, ज्या दिवशी अटलांटात किंगची अंत्ययात्रा निघाली त्याच दिवशी, त्याही गेल्या. नवऱ्याने त्यानंतर ३०६ नंबरची खोली कधीच भाड्याने दिली नाही. एवढं वाचून बाबांनी चष्मा काढून पुसला.

आत गेल्यावर सुरुवात गुलामांच्या जहाजापासून होते, मग काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या शाळांविरुद्धचा खटला, मॉन्टगोमरी शहरातला बसचा बहिष्कार, गोऱ्यांच्याच लंच काउंटरवर हटून बसलेली काळी कॉलेजची पोरं, जाळलेली ग्रेहाउंड बस, वॉशिंग्टनचा मोर्चा, मतदानाच्या हक्काच्या मोर्चावर पोलिसांनी हल्ला केला तो सेल्माचा पूल असं एकामागोमाग येत जातं. मॉन्टगोमरीच्या बसमध्ये आपण चढू शकतो, पुढे गोऱ्यासाठी सीट सोडायला नकार देणाऱ्या रोझा पार्क्सचा पुतळा बसलेला, आणि ड्रायव्हरचा आवाज येतो, सीट सोड म्हणून. ऐकताना पोटात गोळा येतो खरंच. हे सगळं नीट बघायचं तर दोन तास इथेच जातात आणि माझं म्हणणं असं की घाई असेल तर इथे थोडी करा, पण पुढच्या दालनात अजिबात करू नका.

पुढचं दालन म्हणजे मेंफिसच्या सफाई कामगारांचा संप. इथे एक खरीखुरी मोठी कचऱ्याची गाडी उभी केलीय. आणि इथे लोक काय करतात, फोटो काढतात आणि जिना चढून खोलीकडे पळतात, कारण सगळ्यांना ३०६ बघायची असते. मीही पळालेच असते. बाबा मात्र गाडीच्या मागच्या बाजूला जाऊन उभे राहिले, जिथे कचरा आत टाकतात तिथे, आणि हलेचनात.

झालं असं होतं. १ फेब्रुवारी १९६८, धो धो पाऊस. एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोन कामगार पावसापासून आडोसा म्हणून गाडीच्या मागच्या भागात, कचरा दाबायच्या यंत्रापाशी शिरले. काळ्या कामगारांनी गोऱ्यांच्या वस्तीत कुणाच्या पडवीत वगैरे थांबलेलं चालायचं नाही, मग जाणार कुठे. यंत्र आपोआप सुरू झालं आणि दोघं त्यात चिरडून मेले. गाडी जुनी, धोकादायक, कामगारांनी आधीच तक्रारी केलेल्या. त्याच सुमाराला पाऊस आहे म्हणून काळ्या कामगारांना पगार कापून घरी पाठवलं होतं आणि गोऱ्यांना पूर्ण पगार. मग १२ फेब्रुवारीला साधारण १,३०० कामगार कामावर गेलेच नाहीत. पगार इतका कमी की पूर्णवेळ काम करूनही कित्येकांची घरं सरकारी मदतीवर चालायची. डोक्यावर कचऱ्याचे टब, टबाला भोकं, घाण पाणी मानेवरून अंगात. मेयर हेन्री लोब म्हणाला संप बेकायदेशीर आहे, बोलणार नाही.

बाबा म्हणाले, "हे मागचं बटण बाहेरून बंद करायला माणूस लागतो. एकटं सोडायचं नसतं कधी." बस एवढंच. पण ते ज्या आवाजात म्हणाले तो मी घरी कधी ऐकला नव्हता. गाडीसमोर संपकऱ्यांचे पुतळे आहेत, हातात फलक, "आय ॲम अ मॅन". मी माणूस आहे. साठीच्या माणसालाही "बॉय" म्हणून हाक मारायचे त्यावरचं ते उत्तर. मला हे वाक्य पूर्वीपासून माहीत होतं, फोटोत शंभरदा बघितलेलं, पण ते कचऱ्याच्या संपातलं आहे हे माझ्या डोक्यात कधी नीट बसलंच नव्हतं.

किंग मेंफिसला आले ते या लोकांसाठी. आपण त्यांना "आय हॅव अ ड्रीम" या भाषणापुरतं ओळखतो, पण १९६८ चे किंग वेगळे होते हो. बरोबर एक वर्ष आधी, ४ एप्रिल १९६७ ला, त्यांनी व्हिएतनाम युद्धाविरुद्ध जाहीर भाषण केलं आणि जवळचे म्हणवणारेही तुटले. एफबीआय ही सरकारी तपास संस्था मागे लागलेली, फोन टॅप, आत्महत्या कर असं सुचवणारं निनावी पत्रसुद्धा पाठवलेलं. आणि ते सगळ्या गरिबांना, काळे गोरे सगळे, वॉशिंग्टनला न्यायची तयारी करत होते. त्यांच्या लोकांना वाटत होतं मेंफिसमध्ये अडकू नये, तरी आले. २८ मार्चचा मोर्चा बिघडला, काचा फुटल्या, पोलिसांच्या गोळीने लॅरी पेन नावाचा १६ वर्षांचा मुलगा गेला. किंग खचले होते. तरी परत आले, शांततेत मोर्चा काढून दाखवायचाच म्हणून. ३ एप्रिलच्या रात्री वादळ पाऊस चालू असताना मेसन टेंपल या चर्चमध्ये शेवटचं भाषण झालं, "वचन दिलेल्या भूमीपर्यंत", म्हणजे हक्क मिळतील त्या दिवसापर्यंत, तुमच्याबरोबर मी कदाचित पोचणार नाही असं ते त्यात म्हणालेत.

मग जिना चढून खोली. काचेपलीकडून बघायची. विस्कटलेली चादर, कॉफीचे कप, साधं फर्निचर, आणि गायिका महालिया जॅक्सनच्या आवाजात भजन चालू असतं. तेच भजन आज रात्री छान वाजव असं बाल्कनीतून खाली उभ्या बेन ब्रँच या वादकाला किंगनी सांगितलं आणि लगेच गोळी आली. जेवायला निघाले होते, मित्राच्या घरी. थोड्या वेळापूर्वी याच मोटेलमध्ये किंग आणि त्यांचे सहकारी, ही सगळी मोठी माणसं, त्यांच्यातल्याच अँड्र्यू यंगला उशा मारत लहान मुलांसारखी खेळत होती. मला ते उशांचं आठवून जास्त रडू आलं, का माहीत नाही.

रस्त्यापलीकडे दुसरी इमारत आहे, २००२ मध्ये म्युझियमला जोडलेली. जेम्स अर्ल रेने जिथून गोळी झाडली ते लॉज. ते बाथरूम, ती खिडकी, ती रायफल, पळताना दारात टाकून दिलेलं सामान. तो ८ जून १९६८ ला लंडनच्या विमानतळावर खोट्या नावाच्या कॅनडाच्या पासपोर्टवर पकडला गेला, मार्च १९६९ मध्ये गुन्हा कबूल केला, ९९ वर्षांची शिक्षा झाली, तीन दिवसांत कबुली फिरवली आणि १९९८ मध्ये मरेपर्यंत मी नाही मारलं म्हणत राहिला. १९७९ मध्ये संसदेच्या कमिटीने म्हटलं गोळी रेनेच झाडली पण मागे कट असण्याची शक्यता आहे. १९९९ मध्ये मेंफिसच्याच ज्युरीने दिवाणी खटल्यात कट होता असं मानलं, आणि २००० मध्ये न्याय खात्याने त्याला विश्वासार्ह पुरावा नाही म्हणून सांगितलं. किंगच्या घरच्यांचा रेवर विश्वास बसला होता, तो खुनी नाही असा. हे सगळं तिथे मांडलंय आणि ज्यांना त्यात रस आहे त्यांचा तासभर आरामात जाईल. मला त्या खिडकीपाशी उभं राहावलं नाही. नेम धरणाऱ्याच्या जागेवरून ती बाल्कनी बघायची, हे माझ्याच्याने होईना, मी दोन मिनिटांत बाहेर आले. म्युझियमने ते ठेवावं का यावर लोकांची दोन मतं आहेत आणि मला दोन्ही समजतात. पण तुमच्याकडे वेळ कमी असेल तर रायफलीचा वेळ कचऱ्याच्या गाडीला द्या, एवढं मी ठामपणे सांगेन.

मोटेलसमोरच्या कोपऱ्यावरचाही एक भाग आहे जो तिकिटात येत नाही. मोटेल बंद करताना मार्च १९८८ मध्ये शेवटच्या भाडेकरू बाईंना पोलिसांनी बाहेर काढलं आणि तेव्हापासून त्या वर्षानुवर्षं समोर बसून निषेध करत आल्यात. म्हणणं एवढंच की म्युझियमला घातलेल्या पैशात गरिबांना घरं, दवाखाना, शिक्षण द्यायला हवं होतं, किंगना तेच आवडलं असतं. मला म्युझियम हवंच वाटतं. पण त्यांचं म्हणणं डोक्यातून जात नाही, आणि जाऊ नये असंही वाटतं.

खुनानंतरचं दालन बघताना बाबांनी तारखा वहीत उतरवून घेतल्या. शंभराहून जास्त शहरांत दंगली, चाळीसच्या वर माणसं मेली. ८ एप्रिलला किंगची बायको कोरेटाबाई, चार लेकरांची आई, नवऱ्याचे अंत्यसंस्कारसुद्धा झालेले नसताना मेंफिसला येऊन त्याच सफाई कामगारांचा मोर्चा घेऊन चालल्या, हजारो माणसं आणि आवाज नाही. ९ ला खेचरांच्या गाडीवरून अंत्ययात्रा. ११ ला घरं देताना रंगभेद करायचा नाही हा कायदा राष्ट्राध्यक्ष जॉन्सनने सही केला. १६ एप्रिलला मेंफिसने युनियनला मान्यता दिली, पगारवाढ दिली, संप मिटला. बाबा म्हणाले, "बारा दिवसांत झालं बघ. म्हणजे फेब्रुवारीतच करता आलं असतं."

सोयीचं सांगायचं तर मंगळवारी बंद असतं, सकाळी लवकर जा, निदान चार तास ठेवा, आणि वयस्कर माणसं बरोबर असतील तर मधे मधे बसवा कारण उभं राहून वाचायचं खूप आहे. लहान मुलांना न्या, पण जळालेली बस आणि ती कचऱ्याची गाडी यांच्यापाशी त्यांना प्रश्न पडणार, उत्तर द्यायची तयारी ठेवून न्या.

निघताना बाबा अंगणात बाकावर बसले. त्यांना मी फोनवर वाचून दाखवलं की त्या संपातल्या कामगारांना निवृत्तीनंतर शहराची पेन्शनच नव्हती, कित्येक जण म्हातारपणीही कचरा उचलत राहिले, आणि २०१७ मध्ये मेंफिस शहराने हयात असलेल्यांना प्रत्येकी ५०,००० डॉलर द्यायचं ठरवलं, नंतर रक्कम वाढवली. बाबांची स्वतःची पेन्शन दर महिन्याला येते, ते पासबुक दर महिन्याला भरून आणतात, एक महिना चुकवत नाहीत. त्यांनी वही उघडली, १९६८ च्या खाली २०१७ लिहिलं, वजाबाकी केली आणि ४९ हा आकडा मला दाखवला. मग विचारलं की आत परत जाता येतं का याच तिकिटावर, गाडीवरची त्या दोघांची नावं नीट लिहून घ्यायची राहिलीत.