म्हातारीचा बूट, हँगिंग गार्डन आणि चौपाटी: लहान मुलांसह बिनखर्चाचा एक दिवस

साडेचार वर्षांची मुलगी, सात वर्षांचा भाचा आणि सत्तरीच्या सासूबाई अशा तिघांनाही एकाच दिवशी सुखाने फिरवता यावे, चालणे बेताचे असावे आणि आत शिरायला एक रुपयाही पडू नये, अशी जागा दक्षिण मुंबईत कोणी विचारली तर मी मलबार हिलच्या माथ्यावरील दोन बागांचे नाव घेते. एक कमला नेहरू उद्यान आणि दुसरे रस्त्याच्या पलीकडचे फिरोजशहा मेहता उद्यान, ज्याला सगळे हँगिंग गार्डन म्हणतात. गेल्या दोन वर्षांत आम्ही तेथे चार वेळा गेलो. एकदा मे महिन्यात, एकदा पावसाळ्यात आणि दोनदा हिवाळ्यात. त्या चार फेऱ्यांत जे पाहिले आणि अनुभवले, त्यावरून हे लिहीत आहे.

खर्च होतो तो फक्त जाण्यायेण्याचा. आम्ही दादरहून लोकलने चर्नी रोडला उतरतो, पादचारी पुलावरून पलीकडे जातो आणि चौपाटीवरून वर जाणारी बेस्टची १०६ क्रमांकाची बस पकडतो. पाच वर्षांखालील मुलांना लोकलचे तिकीट लागत नाही. टेकडी पायी चढणेही शक्य आहे, पण मुलांची सगळी शक्ती चढणीवरच संपते आणि बागेत पोहोचल्यावर ती बाकावर बसून राहतात, हे आम्ही दुसऱ्या फेरीत पाहिले. म्हणून वर जाताना बस आणि उतरताना पायी, हा क्रम मला योग्य वाटतो.

कमला नेहरू उद्यानात शिरल्यावर मुले इतर कशाकडेही पाहत नाहीत, थेट बुटाकडे धावतात. म्हातारीचा बूट हे नाव मुंबईतल्या तीन पिढ्यांच्या तोंडी आहे. बुटात राहणाऱ्या म्हातारीच्या इंग्रजी बालगीतावरून ही कल्पना घेतलेली असून बुटाची रचना सोली आर्सीवाला यांनी केली. आत जिना आहे, वर खिडक्या आहेत आणि चढण्याची मुभा फक्त लहान मुलांना आहे. मोठ्यांनी खालीच थांबायचे. हा नियम मला फार आवडतो, कारण चार-पाच वर्षांच्या मुलाला आईबापांचा हात सोडून जिना चढायला मिळण्याचे प्रसंग शहरात फार थोडे येतात. माझी मुलगी पहिल्यांदा चढली तेव्हा पहिल्या तीन पायऱ्यांवर प्रत्येक वेळी मागे वळून पाहत होती. मग ती दिसेनाशी झाली आणि काही क्षणांनी वरच्या खिडकीत तिचे फक्त कपाळ आणि दोन डोळे दिसले, कारण कठड्यापर्यंत तिची हनुवटी पोहोचत नव्हती. खाली उतरल्यावर तिने सासूबाईंना विचारले, "आजी, भोपळ्यात बसून लेकीकडे गेलेली म्हातारी हीच का गं?" सासूबाईंनी क्षणभर विचार करून सांगितले, "हो गं, परत आल्यावर तिने इथे घर केलं." तेव्हापासून आमच्या घरात ती गोष्ट अशीच सांगितली जाते.

सासूबाई स्वतः सात-आठ वर्षांच्या असताना वडिलांचे बोट धरून येथे आल्या होत्या. आपल्या आठवणीतला बूट याहून खूप उंच होता, असे त्या म्हणाल्या आणि बराच वेळ त्याच्याकडे पाहत उभ्या राहिल्या. ज्या घरात आजी-आजोबा मुंबईत वाढलेले आहेत, त्यांनी त्यांना अवश्य बरोबर न्यावे, असे मी आग्रहाने सांगेन.

याच उद्यानाच्या कडेला असलेल्या सज्जावरून गिरगाव चौपाटी आणि तिथून नरिमन पॉइंटपर्यंत वळत गेलेला मरीन ड्राइव्हचा पूर्ण कंस दिसतो. मोठ्यांसाठी हे दृश्य आहे. मुलांसाठी तो खेळ होतो. भाच्याने अर्धा तास काळ्यापिवळ्या टॅक्सी मोजल्या आणि आकडा साठच्या पुढे गेल्यावर बेस्टच्या लाल बसकडे वळला. हिवाळ्यात हवेत धुरके असले तर सकाळी लांबचे काही दिसत नाही, तेव्हा या सज्जावर दुपारनंतर पुन्हा एकदा यावे. संध्याकाळी दिवे लागेपर्यंत थांबणे जमले तर उत्तमच, मात्र रविवारी त्या वेळी येथे इतकी गर्दी होते की लहान मुलाला कठड्यापर्यंत जागा मिळणे कठीण जाते.

रस्ता ओलांडून हँगिंग गार्डनमध्ये जावे. तेथे झोपाळे आणि घसरगुंड्यांच्या अपेक्षेने गेल्यास मुले हिरमुसतील, हे आधी सांगून ठेवावे. ही बाग आहे ती झुडपांची: कातरून हत्तीचा आणि इतर प्राण्यांचा आकार दिलेली हिरवी झुडपे, फुलांचे ताटवे आणि त्यांमधून फिरणाऱ्या वाटा. आम्ही मुलांना प्राणी शोधायचे काम दिले आणि प्रत्येक प्राणी सापडल्यावर त्याचा आवाज काढायचा, असे ठरवले. एका ठिकाणी माळी मोठी कात्री घेऊन काम करत होता. मुले त्याच्यासमोर बसून राहिली आणि खाली पडणारी एकेक डहाळी उचलून गोळा करू लागली. त्यानेही घाई न करता हत्तीचा कान कोठे संपतो आणि मान कोठे सुरू होते, ते कात्रीच्या टोकाने दाखवले. त्या दिवसातली सर्वांत शांत वीस मिनिटे ती होती.

या बागेचे खरे नवल मात्र डोळ्यांना दिसत नाही. तिच्या हिरवळीखाली एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेली पाण्याची प्रचंड टाकी आहे. तिची क्षमता १४७ दशलक्ष लिटर असून दक्षिण मुंबईतल्या मोठ्या भागाला पाणी तिच्यातूनच जाते. २०२३ साली ही टाकी नव्याने बांधण्याच्या प्रस्तावामुळे बाग दीर्घकाळ बंद राहण्याची आणि झाडे तोडली जाण्याची वेळ आली, तेव्हा नागरिकांनी त्याला ठाम विरोध केला आणि बाग वाचली. मुलांना हा वाद कळत नाही, पण पायाखाली पाणी आहे हे त्यांना तत्काळ कळते. भाचा पालथा झोपून हिरवळीला कान लावून ऐकू लागला. परतताना आम्ही गिरगावात एका नातेवाइकांकडे थांबलो, तेथे त्याने नळाचे पाणी भांड्यात घेतले आणि मला हळूच विचारले, "मावशी, हे बागेखालचं ना?" मी हो म्हटले. शाळेच्या पुस्तकातला पाणीपुरवठ्याचा धडा त्याला आता वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

आमची मे महिन्यातली फेरी फसली, आणि चूक सर्वस्वी आमची होती. अकराला घरून निघून आम्ही भर दुपारी वर पोहोचलो. ऊन इतके कडक होते की मुलगी अर्ध्या तासात रडवेली झाली आणि सावलीतला एकही बाक रिकामा नव्हता. तेव्हापासून आम्ही सकाळी आठच्या आत वर असतो. पावसाळ्यात बागा फार सुंदर दिसतात, पण वाटा निसरड्या होतात आणि बुटाचा जिना ओल्या चपलांनी चढू देणे मला धोक्याचे वाटते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला.

डबा घरून न्यावा. आम्ही थालीपीठ, लोणचे, केळी आणि डिंकाचे लाडू नेतो, आणि डबा कोठे उघडायचा ते फाटकावरच्या रखवालदाराला आधी विचारून घेतो. पाणी माणशी एक बाटली तरी हवेच. फाटकाबाहेर फुगे आणि शिट्ट्या विकणारे असतात. मुलांना घरीच काय ते स्पष्ट सांगून ठेवले तर तेथे रडारड होत नाही.

२०२५ मध्ये जवळच झाडांमधून जाणारा उंच लाकडी निसर्गमार्ग सुरू झाला आहे, त्याला भारतीयांसाठी २५ रुपयांचे तिकीट आहे. बिनखर्चाच्या दिवसात तो बसत नाही, आणि दोन बागा नीट पाहिल्यावर साडेचार वर्षांच्या मुलीचे पाय त्यासाठी उरतही नाहीत. बाणगंगा तलावही फार दूर नाही, परंतु पाण्यापर्यंत उतरणाऱ्या उघड्या पायऱ्यांवर दोन लहान मुलांना सांभाळणे एका माणसाचे काम नव्हे.

उतरून चौपाटीवर यावे. वाळूत खेळायला जुना डबा आणि एक मोडका चमचा पुरतो. पाण्यात मात्र मुलांना सोडू नये. येथेच लोकमान्य टिळकांचा पुतळा आहे आणि १९२० साली त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले ते याच वाळूवर, हे सासूबाईंनी भाच्याला सांगितले तेव्हा त्याने हातातला डबा खाली ठेवून पुतळ्याला नमस्कार केला. चारच्या आत चर्नी रोड गाठले तर दादरपर्यंत बसायला जागा मिळते. पाचनंतर कचेऱ्या सुटतात आणि झोपलेले मूल कडेवर घेऊन उभे राहावे लागते.