पुण्याजवळ पहिलं उड्डाण: कामशेत, हडपसर की बारामती?

पुण्याहून सकाळी निघून रात्री घरी जेवायला परतता येईल एवढ्या अंतरात हवेत जाण्याचे तीन खरे पर्याय आहेत: कामशेतचं टँडम पॅराग्लायडिंग (एका कापडी पंखाखाली पायलट आणि तुम्ही जोडीनं), हडपसरचा ग्लायडर (बिनइंजिनाचं विमान) आणि बारामतीचं शिकाऊ विमान. सिम्युलेटर हा चौथा, पण तो जमिनीवरच राहतो. जाहिराती चारही जण सारख्याच करतात, 'पायलट बनण्याचा अनुभव' वगैरे. पैसे भरण्याआधी एकच प्रश्न विचारा: कंट्रोल माझ्या हातात किती मिनिटं असेल? उत्तर देताना समोरचा घुटमळला तर तुम्ही पायलटपणाचे नाही, सहलीचे पैसे देताय असं समजा. सहलही वाईट नसते, फक्त ती सहल म्हणून घ्यावी.

कामशेत

थरार हवा असेल तर इथेच जा. जुन्या मुंबई-पुणे हायवेवर, शहरापासून साधारण ४५ किलोमीटर. लोणावळा लोकल कामशेतला थांबते, पण स्टेशनपासून टेकडीपर्यंतची गाडी आधी ठरवून ठेवा. टॉवर हिल, शेलार, शिंदेवाडी ही नावं कानावर पडतील. त्यातली कुठली मिळणार हे वाऱ्याच्या दिशेवर ठरतं, कारण टेकऑफला वारा समोरूनच लागतो. इन्स्टाग्रामवर पाहिलेली तीच टेकडी हवी असा हट्ट धरून उपयोग नाही.

सीझन ऑक्टोबर ते मे. ऑक्टोबरात मावळात भात उभं असतं, खाचरं ओली असतात, त्यामुळे उतरायला मोकळी जागा कमी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा पहिल्यांदा बसणाऱ्यासाठी सगळ्यात चांगला काळ. मार्चपासून जमीन तापते आणि दुपारी थर्मल, म्हणजे गरम हवेचे वर चढणारे झोत, जोरात येतात. लांब उडणाऱ्या पायलटांना तेच हवं असतं, नवख्याच्या पोटात मात्र ढवळून निघतं. मेमध्ये वळवाचे ढग चढायला लागले की त्यांच्यापुढे धावणारा वारा क्षणात दिशा आणि जोर बदलतो. तेव्हा कुणीही शहाणा पायलट विंग, म्हणजे पॅराग्लायडरचा कापडी पंख, उघडत नाही. आणि पावसाळ्यात 'उघडीप मिळाली की उडवतो' म्हणणाऱ्याचा नंबर डिलीट करा.

वेळ सकाळची, थर्मल जागे होण्याआधीची, किंवा दुपारी साडेचारनंतरची घ्या. बारा ते तीनचा स्लॉट हिवाळ्यात चालून जातो, उन्हाळ्यात नको. ताशी १२ ते २० किलोमीटरचा एकसारखा वारा टँडमला सोयीचा. तो २५ च्या वर गेला, किंवा वाऱ्याचा झोत आणि मधली उसंत यांत १० किलोमीटरचा फरक पडू लागला, की थांबायचं. पायलट विंडसॉककडे (वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या कापडी नळीकडे) बघत तुम्हाला अर्धा तास नुसता बसवून ठेवत असेल तर कुरकुर करू नका, तो त्याचं काम करतोय. वाट पाहायला लावणाऱ्याला आम्ही जास्त गुण देतो.

जाहिरातीत '१५ मिनिटं' असं लिहिलेलं असतं आणि आठ मिनिटांत उतरवलं म्हणून लोक एक तारा देतात. इथे जरा हिशेब पाहा. टँडम विंग शांत हवेत सेकंदाला १.१ ते १.३ मीटर खाली येते, म्हणजे दर १०० मीटर उंचीला जेमतेम दीड मिनिट. बाकीची मिनिटं टेकडीवर आपटून वर चढणाऱ्या वाऱ्यातून किंवा थर्मलमधून मिळतात, आणि ती कुणाच्या बापाला आधी विकता येत नाहीत. त्यामुळे मिनिटांची हमी देणाऱ्यापेक्षा 'वारा पडला तर लवकर उतरू' असं तोंडावर सांगणारा बरा.

सामानाकडे नीट बघा, लाजू नका. विंगच्या दोऱ्यांचं रंगीत आवरण खालच्या टोकाला, जिथे त्या रायझरच्या पट्ट्यांना जोडलेल्या असतात, तिथे दगडांवर घासून उसवतं आणि आतला पांढरा किंवा पिवळट गाभा दिसायला लागतो. तसं दिसलं तर विचारा. उन्हानं कापड हळूहळू मरतं: नवी विंग हाताळताना करकरते, जुनी फडक्यासारखी लोळते. रिझर्व्ह पॅराशूट शेवटचं कधी उघडून पुन्हा घडी घातलं, ती तारीख नोंदलेली असते. वर्ष उलटलं असेल तर दुसरीकडे जा. हार्नेसच्या, म्हणजे पट्ट्यांच्या खुर्चीच्या, बुडाखाली फोम किंवा एअरबॅग हवी. हेल्मेट डोक्यावर डुगडुगत असेल तर बदलून मागा.

उडतानाच्या चुका बहुतेक प्रवाशाच्याच असतात, आणि त्यातली एकच पुन्हा पुन्हा होते: पाय लवकर उचलणं. पायाखालची जमीन सुटतेय असं वाटलं की माणूस आपोआप खुर्चीत बसतो. विंगला अजून पुरेसा वेग मिळालेला नसतो, सगळं वजन एकट्या पायलटच्या पायांवर येतं आणि दोघंही ढुंगणावर दगडांत. म्हणून हवेत गेल्यावरही पाय चालवत राहा, पायलट 'बसा' म्हणेपर्यंत. उडीही मारायची नाही, पुढे झुकून पळायचं. उतरताना उलट: सांगितलं की पाय खाली सोडून उभं राहायचं. टेकऑफआधी मांड्यांचे दोन पट्टे, छातीचा पट्टा आणि दोन्ही कॅरॅबिनर (हार्नेस विंगला जोडणाऱ्या कड्या) बंद आहेत हे पायलट हात लावून तपासतो. त्याच्यासोबत तुम्हीही हात लावा. मांडीचे पट्टे राहून जाणं ही या खेळातली सगळ्यात घातक विसर.

मळमळ टाळायची तर दोन तास आधी हलकं खा. मिसळ खाऊन जाऊ नका आणि उपाशीही जाऊ नका. वर गेल्यावर मोबाइलच्या स्क्रीनकडे न बघता क्षितिजाकडे बघा. घोटा झाकणारे बूट घाला, सँडल नको. वजनाची मर्यादा बहुतेक ठिकाणी ९० ते १०० किलोच्या आसपास असते. वजन खरं सांगा, विंग त्यावरून निवडतात.

कंट्रोल हातात? हवा शांत असेल तर काही पायलट मिनिटभर ब्रेक, म्हणजे विंग वळवायच्या दोऱ्या, धरू देतात, आधी सांगून ठेवा. पण टँडम म्हणजे शिक्षण नव्हे. शिकायचंच असेल तर काही दिवसांचा पी-१, पी-२ (पायलट होण्याच्या पहिल्या दोन पायऱ्या) कोर्स असतो. टेंपल पायलट्स आणि निर्वाणा अ‍ॅडव्हेंचर्स ही कामशेतची जुनी शिकवणारी नावं. तिथे सुरुवातीचा बराच वेळ मैदानावर विंग डोक्यावर उभी ठेवण्यातच जातो आणि तो वाया जात नाही. टँडमवाला कुणीही असो, राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार त्याच्याकडे पर्यटन संचालनालयाची नोंदणी हवी. प्रमाणपत्राचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागा.

हडपसर

आमचा कल इकडे आहे, आणि अडचणही इथेच आहे. सासवड रस्त्यावरचं ग्लायडिंग सेंटर हा सरकारी कारभार. तो सलग सुरू राहण्यासाठी प्रसिद्ध नाही. त्याच आठवड्यात चौकशी केल्याशिवाय घरून निघू नका. उड्डाणं सुरू असतील तर पहिल्या अनुभवाला याच्याइतकं प्रामाणिक दुसरं काही नाही. (खडकवासल्याला एनडीएमध्येही ग्लायडरचं मैदान आहे, पण ते कॅडेटांसाठी.)

इथला सुपर ब्लानिक एल-२३ हा पुढे-मागे दोन आसनांचा धातूचा ग्लायडर, पंखांचा पसारा सुमारे १६ मीटर. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला विंच असतं, ते लांब केबल गुंडाळतं आणि ग्लायडर पतंगासारखा वर चढतो. तीन-चार सेकंदांत वेग मिळतो आणि नाक इतकं वर उठतं की समोर फक्त आभाळ दिसतं. सुमारे हजार फुटांवर केबल सुटते, 'ठक्' आवाज येतो, आणि एकदम शांत. तो आवाज ऐकून घाबरणारे बरेच असतात. आधी सांगितलेलं असलं तर काही वाटत नाही. केबल मध्येच तुटणं हीसुद्धा सरावातली गोष्ट आहे: इन्स्ट्रक्टर लगेच नाक खाली करून वेग राखतो. तेव्हा पोटात गोळा येतो, पण तेच बरोबर असतं.

थर्मल मिळालं नाही तर सगळा प्रकार पाच-सहा मिनिटांचा. एवढ्यासाठी जायचं का? आमच्या मते जायचं, कारण स्टिक (हातातला दांडा) आणि रडर (शेपटीची झडप वळवणारी पेडलं) तुमच्यासमोरच असतात आणि चूक लगेच दिसते. कॅनॉपीच्या, म्हणजे डोक्यावरच्या पारदर्शक झाकणाच्या, काचेवर बाहेरून लोकरीचा एक धागा चिकटवलेला असतो. ग्लायडर हवेतून सरळ जात असेल तर धागा मधोमध राहतो. वळताना पाय विसरलात की तो बाजूला पळतो. ज्या बाजूला धागा झुकला त्याच्या विरुद्ध पाय दाबायचा. अख्ख्या यंत्रातलं हे सगळ्यात स्वस्त उपकरण, आणि हात-पायांची सांगड घालायला याहून चांगला मास्तर नाही.

बारामती

पुण्याहून सुमारे १०० किलोमीटर. इथे कार्व्हर एव्हिएशन आणि रेडबर्ड या वैमानिक घडवणाऱ्या संस्था. त्यांचं गिऱ्हाईक लायसन्स घ्यायला आलेलं पोर असतं, रविवारी फिरायला आलेलं कुटुंब नव्हे. परदेशातल्यासारखं 'एक तास पैसे भरा आणि शिका' इथे सरसकट मिळत नाही. भाडं घेऊन प्रवासी उडवायला डीजीसीएचा (केंद्राच्या नागरी विमान वाहतूक नियामकाचा) वेगळा परवाना लागतो. म्हणून फोनवर साफ विचारा: मी विद्यार्थी म्हणून बसणार की प्रवासी म्हणून, आणि कुठल्या कागदावर? 'बघू हो, जमवू' असं उत्तर आलं तर विषय सोडा.

बसायला मिळालं तर वजनाचा हिशेब समजून घ्या. सेसना १५२ चं कमाल वजन ७५७ किलो. रिकामं विमान आणि भरलेली टाकी वजा जाता दोन माणसांसाठी साधारण १६५ किलो उरतात. म्हणजे तुम्ही ९५ चे आणि इन्स्ट्रक्टर ८० चा असेल तर इंधन कमी भरायला हवं. त्यात हा पठारी भाग समुद्रसपाटीपासून अठराशे ते दोन हजार फूट. एप्रिलमध्ये ३८ अंशांना विमानाच्या दृष्टीनं ही हवा पाच हजार फुटांवरच्या हवेइतकी विरळ होते: इंजिन दमतं, धावपट्टी जास्त लागते, चढण मंद होते. म्हणून सकाळची सॉर्टी, म्हणजे उड्डाणाची फेरी, मागा. डिसेंबर-जानेवारीत मात्र सकाळी धुकं असतं आणि नजरेनं उडायला निदान ५ किलोमीटरची दृश्यता लागते, तेव्हा नऊ-दहापर्यंत थांबायची तयारी ठेवा.

पहिल्या दहा मिनिटांत बहुतेकांची फजिती जमिनीवरच होते. विमान टॅक्सी करताना पायांनी वळतं, रडर पेडलांनी. कार चालवणारा माणूस हातातलं योक (विमानाचं हँडल) फिरवत बसतो आणि विमान आपलं सरळ गवताकडे. वर गेल्यावर दुसरी चूक म्हणजे मूठ आवळून धरणं. ट्रिम (नाक जागच्या जागी धरून ठेवणारं चाक) नीट लावलं की विमान दोन बोटांत उडतं. तिसरी, समोरच्या उपकरणांच्या तबकड्यांकडे टक लावणं. नाक क्षितिजाच्या किती खाली आहे हे बाहेर बघूनच कळतं.

पायलट व्हायचा विचार पक्का असेल तर जॉयराइडच्या आधी क्लास-२ मेडिकल (वैमानिकांची वैद्यकीय तपासणी) करून घ्या, आणि लाखांतली फी भरण्याआधी त्याहून कडक क्लास-१ सुद्धा. रंग ओळखण्यातला दोष कित्येकांना तिथेच पहिल्यांदा कळतो. चष्म्यानं सहसा अडत नाही. विद्यार्थी लायसन्स १६ व्या वर्षी, प्रायव्हेट १७ व्या वर्षी ४० तासांनी, कमर्शियल १८ व्या वर्षी २०० तासांनी.

सिम्युलेटर

पाऊस असेल, मूल दहा वर्षांचं असेल, किंवा उंचीची भीती असेल तर ठीक. रडर पेडल आहेत का ते विचारा. नसतील तर तो महागडा व्हिडिओ गेम. त्या तासांची नोंद लायसन्ससाठी चालत नाही, यंत्राला डीजीसीएची मान्यता असेल तरच चालते. चेकलिस्ट वाचायची सवय मात्र इथे छान लागते.

बुकिंग करताना

वैयक्तिक अपघात विम्यात साहसी खेळ बहुधा वगळलेले असतात, पॉलिसी काढून बघा. पाठीचा मणका सरकलेला असेल, गरोदरपण असेल किंवा नुकताच घोटा मुरगळला असेल तर पॅराग्लायडिंग नको. सर्दीनं नाक बंद असेल तर विमान पुढे ढकला, उतरताना कान ठणकतात. तारकर्लीला स्कूबा करून परतला असाल तर २४ तास जाऊ द्या.

हवामानामुळे रद्द झालं तर पैसे परत की फक्त तारीख बदल, हे लेखी घ्या, आणि ती तारीख किती महिने चालेल तेही. गोप्रोच्या व्हिडिओचे पैसे सहसा वेगळे असतात. शक्य असेल तर मंगळवार-बुधवार गाठा: रविवारी टेकऑफवर रांग लागते, पायलट एकामागून एक उड्डाणं काढत असतो, आणि वारा बिघडायला लागला तरी 'अजून दोघंच राहिलेत' असा दबाव त्याच्यावर असतो.