मावश्यांच्या ब्यूरोसाठी घेतलेली कंटेंट सेवा: सहा महिन्यांचा अनुभव

पुण्यात दांडेकर पुलाजवळ माझा छोटा ब्यूरो आहे. आम्ही बाळ सांभाळायला मावश्या देतो. आधी ९ वर्षं घरीच पाळणाघर चालवलं, २०१९ पासून मावश्या घरोघरी पाठवते. आज १६ जणी आहेत. गेले सहा महिने लेख, व्हिडिओ आणि व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसचं सगळं काम एका मुलीकडून करून घेते आहे. महिन्याला १२,००० रुपये, त्यात ४ लेख आणि ८ छोटे व्हिडिओ. ती एकटीच काम करते आणि सध्या नवीन काम घेत नाही, म्हणून नाव देत नाही. पण आपल्यासारख्या धंद्यासाठी कुणी अशी सेवा शोधत असेल, तर काय बघून घ्यावी हे सांगावंसं वाटतं.

तिच्या आधी वर्षभर दुसऱ्या एका एजन्सीकडे होते. रोज एक पोस्ट पडायची. सोनेरी केसांचं परदेशी बाळ, खाली "तुमच्या चिमुकल्यासाठी मायेची सावली", आणि सणासुदीला शुभेच्छा. एका पोस्टमध्ये तर पावडरच्या दुधाचा डबा आणि बाटली ठळक दाखवली होती. बाळाच्या पावडर-दुधाची आणि दुधाच्या बाटलीची जाहिरात करायला आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, हे मला पाळणाघराच्या दिवसांपासून माहीत होतं. मी फोन केला तेव्हा पोस्ट काढली. त्यांनी पैसे घेऊन गूगलवर चांगले अभिप्राय टाकून देतो असंही सुचवलं, त्या दिवशी मी काम थांबवलं. लोक आपलं सहा महिन्यांचं बाळ आमच्या भरवशावर सोडून ऑफिसला जातात. त्यांना खोटा अभिप्राय वाचायला देणं मला जमणार नाही.

ही मुलगी आली तेव्हा पहिला आठवडा तिने काहीच लिहिलं नाही. तीन सकाळी माझ्या टेबलाशेजारी बसली आणि फोनवर लोक काय विचारतात ते वहीत उतरवत राहिली. ४३ प्रश्न निघाले. "मावशीने अचानक खाडा केला तर?" "बाळ मावशीला आई समजायला लागलं तर?" "आमचं जेवण नॉनव्हेज असतं, चालेल का?" "मालिश येते का, टाळू भरते का?" सहा महिने आमचे लेख त्या वहीतूनच निघताहेत. वर्षभर मी पैसे देत होते, पण हे फोन ऐकायला आधीच्यांतलं एकही माणूस आलं नव्हतं.

तिचं सगळ्यात चांगलं काम म्हणजे रजेवरचा लेख. २०१७ पासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते, त्यातले ८ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. आधीचे पूर्ण घेतले तर बाळ जेमतेम सव्वाचार महिन्यांचं असतानाच आईला हजर व्हावं लागतं. आणि आमच्याकडे फोन यायचे ते हजर व्हायच्या चार दिवस आधी, रडवेल्या आवाजात. मावशीची पोलीस पडताळणी आणि बाळाशी ओळख यांना वेळ लागतो. मी तर आई घरात असतानाच निदान १० दिवस मावशी येऊ द्या म्हणते. तिने हे सगळं उलटं मोजून लिहिलं: कामावर जायची तारीख धरा, तिथून दीड महिना मागे या, त्या दिवशी फोन करा. हा लेख आम्ही दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा पाठवतो. आता बाळंतपणाच्या आधीच फोन करणाऱ्या मुली आहेत.

मधावरचा व्हिडिओ काढायला मी घाबरत होते. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये, त्यातल्या जंतूंमुळे बोट्युलिझमसारखा गंभीर आजार होऊ शकतो, हे आमच्या प्रत्येक मावशीला शिकवलेलं असतं. पण घरोघर गुटी मधातच उगाळतात आणि ती आजी उगाळते. आजीला दुखवून मावशी त्या घरात टिकत नाही. मुलीने व्हिडिओ मावशीच्या तोंडून आणि आजीला उद्देशून केला: "आजी, तुमच्या हातची मालिश मला शिकवा, मधाचं तेवढं डॉक्टरांना विचारू या." कर्वेनगरच्या एका आजींनी तो बघून मला फोन केला आणि २० मिनिटं बोलल्या. पुढे त्यांच्याच नातीसाठी मावशी गेली.

"१०० टक्के सुरक्षित" हे शब्द तिने लिहायला नकार दिला, तेव्हा मी जरा चिडले होते. तिने लिहिलं ते असं: पोलीस पडताळणी म्हणजे नोंदीत गुन्हा नाही एवढंच कळतं. बाकीसाठी आम्ही आधीच्या दोन घरांशी बोलतो आणि पहिल्या महिन्यात कधीही न सांगता येऊन बघतो. आता वाटतं, तिचंच बरोबर होतं. हे वाचून आलेली माणसं पहिल्याच दिवशी नीट प्रश्न विचारतात.

फोटोंचा नियमही तिचाच. बाळाचा चेहरा कधीच नाही, आईवडील हो म्हणाले तरी नाही. फार तर पाय, दुपटं, खुळखुळा. मावशीचा फोटोही तिला विचारूनच. आमच्या सगळ्यात जुन्या मावशीने नको म्हटलं, गावाकडे तिने हे काम सांगितलेलं नाही. तिचा फक्त आवाज वापरला आणि तोच व्हिडिओ सगळ्यात जास्त फिरला.

आता खटकलं ते. व्हिडिओ वेळेवर येत नाहीत, तिसऱ्या महिन्यात ८ पैकी ५ च मिळाले, त्याचे पैसे मात्र तिने न मागता कमी केले. सुरुवातीला ती "शिशुसंगोपन सेविका" असं लिहायची, मावश्यांनाच ते कळेना. बाणेर, बालेवाडी, हिंजवडीकडची निम्मी गिऱ्हाइकं मराठी वाचत नाहीत. तिचं इंग्रजी कच्चं आहे, हिंदीही पुस्तकी. ते काम मला दुसरीकडे द्यावं लागलं आणि तो खर्च वेगळा. जाहिरातीचे पैसे कुठे, किती लावायचे यातलं तिला फार कळत नाही, तसं तिने आधीच सांगितलं होतं.

माझ्या वहीतले आकडे असे: आधी महिन्याला ६० च्या आसपास फोन यायचे, बहुतेक "रेट काय?" एवढंच विचारून ठेवणारे. त्यातून ४ मावश्या कामाला लागायच्या. आता फोन ३५ येतात आणि ८-९ जणी लागतात. पहिले तीन महिने मात्र काहीच फरक नव्हता, हे धरून चाला.

पाचव्या महिन्यात तिने मावशीच्या जेवणावर लिहिलं. मावशी दांडेकर पुलावरून दोन बस बदलून ९ ला बाणेरला पोचते, ती ७ च्या आधी घराबाहेर पडलेली असते. तिचा कप वेगळा ठेवू नका, दुपारी बाळ झोपलं की तिला अर्धा तास बसून जेवू द्या, रविवारी फोन करू नका. दोन घरांनी यावर नाराज होऊन मावशी बंद केली. मी त्यांना थांबवलं नाही. आणि तो लेख मावश्यांनी आपापल्या ग्रुपवर इतका फिरवला, की जनता वसाहतीतून तिघी स्वतःहून काम विचारत आल्या. त्यातल्या एकीने तो आपल्या लेकीकडून मोठ्याने वाचून घेतला होता. नवी मावशी मिळवायला मला एरवी महिना महिना हिंडावं लागतं.

पुढच्या सहा महिन्यांचे पैसे ठरवले आहेत, मराठीपुरते. पुढचा लेख काढून ठेवलेल्या आईच्या दुधावर आहे. चांगलं गार असलेल्या खोलीत ते ४ तास टिकतं, पण पुण्यातल्या एप्रिलच्या दुपारी त्या चार तासांवर विसंबू नये, लगेच फ्रिजमध्ये ठेवावं. हा प्रश्न त्या वहीत नव्हता, आमच्याच एका मावशीने विचारला.